माफीचा फूट

कामावरच्या पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "शून्यापासून मोजतो म्हणता, मग घड्याळ शून्यावर का सुरू होत नाही?"

चाचणीपट्टीच्या टोकाला उभे असलेले दोघं एकमेकांकडे बघून हसले. एक मल्लिकार्जुन बिराजदार. वय त्रेपन्न, पट्टीवरचे सर्वांत जुने चालक. त्यांना सगळे मल्लूमामा म्हणत. दुसरे इक्बाल शिकलगार, मिरजेचे. रेषेवर उभं राहून हाताने इशारा देणारे. दोघं पंचवीस वर्षं एकत्र काम करत होते. आधी दुसऱ्या कंपनीच्या आवारात, मग जतच्या पुढे पवनचक्क्यांच्या पठारावर ही पट्टी झाली तेव्हा इथे. तीन किलोमीटर सरळ डांबर. चढ नाही, उतार नाही, वळण नाही.

"मल्लू, सांग बाबा हिला," इक्बालचाचा म्हणाले. "फिजिक्सवाली आहे. आपण सांगितलेलं पटणार नाही."

"त्याला माफीचा फूट म्हणतात, मॅडम," मल्लूमामा म्हणाले. "इनामी जमिनीला सारा माफ असतो का न्हाई? तसा ह्या फुटाला टाइम माफ."

गोष्ट अशी होती. जुन्या काळी सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचा एक झोत आडवा सोडलेला असे. पुढचं चाक तो झोत अडवून उभं राही. चाक पुढे सरकून झोत मोकळा झाला की घड्याळ चालू. पण चाक गोल. झोत पुरता मोकळा होईपर्यंत गाडी साधारण एक फूट पुढे गेलेली असे. पुढे झोत गेले, उपग्रहावरची घड्याळं आली, सेकंदाचा हजारावा भाग मोजता येऊ लागला, तरी तो फूट वगळायची रीत राहिली. वगळला की सगळ्यांचेच आकडे चांगले दिसतात, त्यामुळे तक्रार कुणाची नव्हती.

मी तिथेच वहीवर गणित केलं. एक पूर्णांक नऊ सेकंदांत ताशी शंभर गाठणारी गाडी पहिला फूट ओलांडायला सुमारे दोन दशांश सेकंद घेते, आणि त्या फुटाच्या शेवटी तिचा वेग ताशी दहाच्या वर गेलेला असतो.

"म्हणजे आपण शून्य ते शंभर मोजतच नाही," मी म्हणाले. "दहा ते शंभर मोजतो."

"इक्बाल," मल्लूमामा म्हणाले, "ही पोरगी आपलं दुकान बंद करणार बघ."

दुकान बंद झालं नाही. उलट पहिल्या महिन्यात मला काम मिळालं ते हेच. चाचणीची नोंद साठवण्याआधी तो पहिला फूट आपोआप कापून टाकणारी आज्ञावली लिहायचं. मी ती लिहिली. सत्तावीस ओळींची, नीटस. त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक अहवालाच्या तळाशी माझ्या सहीसोबत एक ओळ छापली जायची: 'मुक्ता खराडे, पहिला फूट वगळून.'

*

त्या वर्षी दोन गाड्यांची चढाओढ लागली होती, तुरग आणि कॅरा. दोन्ही विजेच्या, दोन्ही चार दारांच्या सेडान. मागच्या सीटवर मुलाची खुर्ची बसवा, डिकीत भाजी ठेवा, आणि पेडल दाबलं तर दोन सेकंदांच्या आत शंभर. रस्त्यावर असला वेग कुणाला वापरायला मिळणार, हा प्रश्न पट्टीवर विचारायची पद्धत नव्हती. लोक गाडी विकत घेण्याआधी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पळवलेल्या चित्रफिती बघत. कोण पुढे गेलं एवढंच त्यांना हवं असे.

आणि पुढे कुणी जातच नव्हतं. अकरा वेळा पळवल्या. कधी तुरग बोनेटभर पुढे, कधी कॅरा. कारण साधं होतं. मोटरमध्ये जोर भरपूर होता, पण तो रस्त्यावर उतरतो टायरच्या पकडीतून, आणि पकडीला मर्यादा असते. दोन्ही कंपन्या त्या मर्यादेला जाऊन टेकल्या होत्या.

"मोटर संपली, टायर संपला," तुरगच्या कंपनीचा अभियंता आशय केळकर मला म्हणाला. "आता उरला फक्त माणूस."

केळकर पुण्याचा. मृदू बोलणारा, पस्तिशीचा. त्याने आणलेल्या यंत्रणेचं नाव होतं पूर्वा. ती डोक्यामागच्या उशीत बसवलेली होती. बाहेरून काहीच दिसत नसे. उशीत मसुराच्या दाण्याएवढे चोवीस संवेदक. मेंदूत पेशी काम करतात तेव्हा विजेचे बारीक प्रवाह वाहतात, आणि प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आलंच. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अब्जांशाच्या आसपासचं. तरीही हे संवेदक मोटरचा सगळा गोंगाट गाळून ते ओळखत.

"पाय हलवायच्या आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते," केळकरने सांगितलं. "ही तयारी गेल्या शतकापासून माहीत आहे. पाय प्रत्यक्ष हलायच्या साडेतीनशे सहस्रांश सेकंद आधी पूर्वाला ती कळते. ती गाडीला सांगते, निघ. चालकाचा निर्णय झालेलाच असतो. निरोप मेंदूतून पायापर्यंत पोहोचायचा वेळ तेवढा आम्ही वाचवतो."

"आणि आयत्या वेळी विचार बदलला तर?" मी विचारलं.

"दहा हजार चाचण्या केल्यात. सगळ्यांत पूर्वाचा अंदाज बरोबर निघाला."

मल्लूमामा तुरगमध्ये उशीवर डोकं टेकवून बसले होते. "ही पूर्वा आता माझ्या डोक्यातलं सगळं वाचणार?"

"फक्त उजव्या पायाचं, मामा," केळकर म्हणाला.

"तेवढंच वाच बाई," इक्बालचाचा उशीला म्हणाले. "बाकी काही न्हाईच तिथं."

मामांना पूर्वा आवडली, हे सांगायला हवं. गेल्या दोन वर्षांत त्यांची प्रतिक्रिया मंदावली होती. फार नाही, सेकंदाचे चाळीस सहस्रांश. पण कॅरा चालवणारी रोहिणी शेंडगे चौतीस वर्षांची होती, आणि चित्रफितीत चाळीस सहस्रांश दिसतात. रोहिणी चेष्टेने विचारायची, "मामा, हजेरीवर सही करून निघताय का?" पूर्वासोबतच्या पहिल्या धावेत मामा असे निघाले की रोहिणीची कॅरा रेषेवरच राहिल्यासारखी वाटली. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"तीस वर्षांचा असताना असा निघायचो," ते मला म्हणाले. "इच्छा झाली की गाडी गेली. मधे काहीच न्हाई."

*

पट्टीवर इशाऱ्याचे दिवे होते, पण चित्रीकरणवाल्यांना माणसाचा हात हवा असे. इक्बालचाचा दोन्ही गाड्यांच्या मधोमध, पाच मीटर पुढे उभे राहत. हात वर. एक, दोन, आणि हात खाली. त्यांची लय इतकी पक्की होती की मामा म्हणायचे, डोळे मिटूनसुद्धा निघेन.

त्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजले होते. वारा होता, पठारावर असतोच. मी वीस मीटर बाजूला, पडद्यासमोर. चाचांचा हात वर गेला. एक. दोन. त्याच क्षणी वाऱ्याने कॅमेऱ्याची तिकाटणी तुरगच्या वाटेत कलंडली. कुणीही करेल तेच चाचांनी केलं. एक पाऊल टाकून ती पकडायला वाकले.

आणि तुरग निघाली.

ब्रेकचा आवाज आला. गाडी थांबली तेव्हा चाचा डांबरावर होते, उजवा पाय विचित्र वळलेला. मामा दार उघडून खाली उतरले आणि चाचांच्या शेजारी बसले. चाचांनी त्यांच्याकडे बघून पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "तिकाटणी वाचली का रे?"

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली.

संध्याकाळी आमचे प्रमुख देशमाने सरांच्या खोलीत मामांचा जबाब घेतला. पोलिसांकडे आणि परवाना खात्याकडे दोन दिवसांनी तोच जाणार होता. मामांनी एकच वाक्य सांगितलं.

"मीच दाबला."

"मामा, चाचा वाकलेले तुम्हाला दिसले होते?" मी विचारलं.

"दिसले."

"मग?"

"दिसले आणि तरी दाबला. पायाला कळतं ना, पोरी. मी दाबला म्हणून गाडी गेली."

केळकर तिथेच होता. त्याने तुरगची नोंद उघडली. पहिली ओळ: पेडल एक्केचाळीस टक्के दाबलेलं. दुसरी ओळ: पंच्याहत्तर टक्के. मग पूर्ण. मग सहा दशांश सेकंदावर ब्रेक. "मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला वाटत होतं. "पण आकडे मामा म्हणतात तेच म्हणतात."

देशमाने सर मला म्हणाले, "खराडे, परवा संध्याकाळपर्यंत तांत्रिक अहवाल द्या. जबाबाला जोडायचाय."

जबाब तसाच गेला असता तर मामांचा चाचणीचा परवाना कायमचा रद्द झाला असता. मामांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. ते मिरजेला गेले नाहीत, मला काळजी त्याची होती. चाचांनी शुद्धीवर आल्याबरोबर मुलाकरवी निरोप धाडला होता: मल्लूला म्हणावं, मी माफ केलं, ये. तो ऐकून मामा मनात आणखीच मिटून गेले.

"माफ केलं म्हणतोय," ते म्हणाले. "म्हणजे मी केलं, हे त्यालाबी माहीत आहे."

*

त्या नोंदीची पहिली ओळ मी पुन्हा पुन्हा बघत बसले. एक्केचाळीस टक्के. पहिली ओळ म्हणजे कुठली वेळ? फूट ओलांडल्यानंतरची. त्याआधी दोन दशांश सेकंद गाडी चालत होती, आणि त्या दोन दशांश सेकंदांत आधी चाक हललं की आधी पाय, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तुरगच्या नोंदीत नव्हतं, कारण त्यांनीही आमच्याच रीतीने कापलं होतं. आमच्या नोंदीत नव्हतं, कारण ते मी कापलं होतं. सत्तावीस ओळी, नीटस.

अचानक धक्का बसला की माणसाचे पाय ताठ होतात. हा प्रतिक्षेप आहे, विचार करून होत नाही. एकशेवीस सहस्रांश सेकंदांत पाय ताणला जातो. पूर्वाच्या सांगण्यावरून गाडी आधीच उसळली असेल, धक्क्याने मामांचा पाय ताठ झाला असेल आणि पेडलवर दाबला गेला असेल, तर फुटाच्या शेवटी पेडल किती दाबलेलं दिसेल? मी हिशेब मांडला. तीस ते पन्नास टक्के. म्हणजे पाय आधी असो की चाक आधी, पहिली ओळ जवळपास तीच आली असती.

पण मग मामांना 'मीच दाबला' असं का वाटत होतं? यावर प्रयोग झालेले आहेत, मी कॉलेजात वाचले होते. आपण एखादी गोष्ट करायच्या बेतात असलो आणि त्याच क्षणी ती घडली, तर मेंदू तिच्यावर आपलं नाव लिहून टाकतो. मागेपुढे झालेल्या क्षणांची तो जुळवाजुळव करतो. मेंदू काही खोटं बोलत नसतो. घाईत हिशेब जुळवतो इतकंच. मामा प्रामाणिक होते, आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीवर विसंबता येत नव्हतं.

हे सगळं मी मामांच्या घरी जाऊन सांगितलं. ते अंगणात नळी हातात धरून डाळिंबाच्या रोपांना पाणी घालत होते.

"मला वाचवायला बघतीयस," ते म्हणाले.

"नाही मामा. मला माहीत नाही काय झालं. तुम्हालाही माहीत नाही. तेवढं शोधायचंय."

"आणि मीच दाबला असं निघालं तर?"

"तर तसं लिहीन."

त्यांनी नळी बंद केली. "मग येतो," म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेत आम्ही तुरगची चारही चाकं जमिनीपासून उचलून स्टँडवर ठेवली. केळकरला मी बोलावलं होतं. न सांगता करणं बरोबर नव्हतं. तो आला, म्हणाला, "पुढे कर. मलाही बघायचंय."

मामा चालकाच्या जागी बसले. डोकं उशीवर, पण उजवा पाय दाराबाहेर, एका लाकडी ठोकळ्यावर. पेडलखाली मी चहाचा कागदी कप उपडा ठेवला. पेडल कणभर जरी दाबलं गेलं असतं तर कप चेपला असता.

"मी हाताने एक, दोन करीन," मी सांगितलं. "हात खाली आला की ठोकळा दाबायचा, पेडल दाबता तसा. पण काही वेळा अगदी शेवटच्या क्षणी मी दुसऱ्या हाताने लाल फडकं वर करीन. फडकं दिसलं की दाबायचं नाही."

"आणि दाबला गेला तर?"

"ठोकळ्यावर तराजू आहे. कळेल."

वीस वेळा केलं. दहा वेळा फडकं नव्हतं. मामांनी ठोकळा दाबला, आणि दहाही वेळा चाकं त्याच्या आधी फिरली. केळकर मान हलवत होता. हे त्याला माहीतच होतं.

फडकं पहिल्यांदा वर केलं तेव्हा मी जरा लवकर केलं. चाकं फिरली नाहीत. दुसऱ्यांदा आणखी शेवटी केलं.

मामांचा पाय ठोकळ्यावर स्थिर होता. तराजूवर शून्य.

चाकं घूं करून फिरली.

मामा दाराबाहेरच्या आपल्या पायाकडे बघत होते. मग वाकून त्यांनी पेडलखाली पाहिलं. कप जसाच्या तसा होता.

"परत," ते म्हणाले.

दहा फडक्यांपैकी सात वेळा चाकं फिरली. तीन वेळा मी घाई केली होती, म्हणून नाही फिरली. पाय एकदाही हलला नाही. सातव्या वेळेनंतर मामांनी डोकं उशीपासून बाजूला घेतलं, जणू ती गरम झाली होती.

"म्हणजे मी थांबलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशी. थांबलो असणार."

"हे सिद्ध होत नाही, मामा. तुम्ही थांबलात तरी गाडी जाते, एवढं सिद्ध होतं."

"तू पण ना," ते म्हणाले, आणि त्या घटनेनंतर पहिल्यांदा हसल्यासारखे झाले.

केळकर एका टायरवर बसला होता. "साडेतीनशे," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "माणूस विचार कुठवर बदलू शकतो?"

"पाय हलायच्या दोनशे सहस्रांश आधीपर्यंत. त्यानंतर निरोप निघून गेलेला असतो."

"आणि पूर्वा साडेतीनशेला निघते. म्हणजे मधले दीडशे आम्ही खाल्ले."

दीडशे सहस्रांश सेकंद. पापणी लवायला याच्या दुप्पट वेळ लागतो. एखादी गोष्ट मनात आल्यावर ती न करण्यासाठी माणसाला मिळतो तो एवढाच अवकाश, आणि तोही पूर्वाने घेतला होता.

"दहा हजार चाचण्या," मी म्हणाले. "त्यांत कुणीच थांबलं नाही?"

केळकर टायरवरून उठला. "कुणाला थांबायला सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. "सगळ्यांना जायलाच सांगितलं होतं. वेग मोजत होतो ना आम्ही."

त्याने आपल्या अहवालात ते लिहिलं. मला वाटलं होतं, तो वकिलांना विचारेन म्हणेल. विचारलं असेलही, पण आधी लिहिलं.

*

मामांनी मिरजेला येतो म्हटलं, पण दवाखान्याच्या जिन्यात थांबले.

"काय सांगू त्याला? पाय न्हाई दाबला, हे ठीक आहे. पण गाडीनं काय हवेतून घेतलं? माझ्या डोक्यात होतं तेच घेतलं. मनात तर माझ्याच आलं होतं."

आम्ही वर गेलो.

इक्बालचाचा पाय टांगून पडले होते. दाढी वाढलेली. मामांना बघून त्यांनी उशाशी ठेवलेली संत्री मुलाला आत ठेवायला सांगितली. "हा आला की उरत न्हाईत," म्हणाले.

मामा पलंगाजवळ उभे राहिले. मी कपाचं, फडक्याचं, सातचं सगळं सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकलं, मध्ये दोनदा नेमके प्रश्न विचारले. एक, फडकं किती उंच धरलं होतं. दोन, ठोकळ्यावरचा तराजू कुठला.

मग मामा म्हणाले, "पण इक्बाल, मनात आलं होतं माझ्या. निघायचं."

"येणारच की. हात माझा खाली येत होता. तुझं कामच निघायचं आहे."

"तू दिसल्यावरसुद्धा थोडा वेळ असेल ते. मला खात्री न्हाई."

चाचांनी उसासा टाकला. "मल्लू, पंचवीस वर्षं तुझ्यासमोर उभा राहतोय. उन्हात, धुळीत. तुझ्या आयमायवरनं शिव्या द्यायचं माझ्या मनात हजारदा आलं. दिल्या का?"

"दिल्यास की."

"बऱ्याच दिल्या. पण सगळ्या न्हाई दिल्या! ज्या न्हाई दिल्या त्या माझ्या नावावर धरायच्या का? मनात आलेलं धरायला लागले तर, लेका, या दवाखान्यात एकाला झोपायला जागा मिळणार न्हाई, सगळे तुरुंगात."

मामांनी पलंगाच्या कडेला हात टेकला.

"आणि मी माफ केलं म्हणून निरोप पाठवला तो परत घेतो," चाचा म्हणाले. "माफ करण्यासारखं काही न्हाईच निघालं. उगाच चांगुलपणा वाया गेला माझा. बस आता. ए, संत्री आण रे बाहेर."

मामा बसले. अर्धं संत्रं त्यांनी सोललं, अर्धं चाचांनीच सोलून दिलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अहवालाचं शेवटचं पान अजून लिहायचं होतं.

ते मी त्याच दुपारी लिहिलं. चालकाने पेडल दाबलं की नाही हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही, कारण ज्या दोन दशांश सेकंदांत ते ठरलं ते आम्ही साठवलेच नाहीत. चालक थांबला असला तरी गाडी निघते, हे प्रयोगाने सिद्ध झालं आहे. फूट कापणारी आज्ञावली माझी होती, हेही लिहिलं. देशमाने सर दोनदा वाचून म्हणाले, "हे शेवटचं वाक्य गरजेचं आहे का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी सही केली.

*

पाच महिन्यांनी तुरग परत आली. उशी साधी होती, कापसाची. कंपनीने पूर्वा मागे घेतली होती. पुढे कधी आणलीच तर मोटर सज्ज ठेवण्यापुरतीच ती वापरायची, चाकाला हात लावू द्यायचा नाही, असं ठरल्याचं केळकरने कळवलं होतं. त्याच्या नव्या चाचण्यांत निम्म्या वेळा माणसांना थांबायला सांगत.

मामांचा परवाना शाबूत होता. पण पट्टीवर आल्यापासून ते तीनदा गाडीत बसून तीनदा उतरले. एकदा पाणी प्यायला, एकदा टायर बघायला, एकदा उगाच.

इक्बालचाचा काठी टेकत आले. आता इशारा देणाऱ्याने गाड्यांच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूच्या कठड्यामागे राहायचं, असा नियम झाला होता. ते कठड्यामागे खुर्ची टाकून बसले, पण काठी त्यांनी कठड्याच्या वर धरली, मामांना नीट दिसेल अशी.

"हात दुखतो," त्यांनी मला सांगितलं. "आता काठीनं इशारा."

शेजारच्या कॅरामधून रोहिणीने मान बाहेर काढली. "मामा, आज येताय ना बरोबर?"

"तू हो पुढं," मामा म्हणाले. "मी सही करून येतो."

काच वर गेली. मी पडद्याकडे वळले. माझ्या आज्ञावलीतल्या सत्तावीस ओळी मी काढून टाकल्या होत्या. नोंद आता गाडी उभी असल्यापासून सुरू व्हायची.

काठी वर गेली. एक. दोन. काठी खाली येऊ लागली आणि निम्म्यावर थांबली. चाचांनी तिचं टोक आपल्या पाठीकडे वळवलं आणि निवांतपणे पाठ खाजवली.

कॅरा निघून गेली. दोन सेकंदांत ती वाऱ्यात लहान झाली. लांबून रोहिणीचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक आणि चिडलेला.

तुरग जागची हलली नव्हती.

काचेतून मला मामांचा उजवा पाय दिसत नव्हता, फक्त चेहरा दिसत होता. ते समोर बघत होते, चाचांकडे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. चाचा काठी खाली ठेवून खुर्चीत हसून हेलकावत होते, इतके की मला वाटलं, पडतील.

"शर्यत हरलास!" ते ओरडले.

"गप बस म्हाताऱ्या!" गाडीतून आवाज आला.

माझ्या पडद्यावर ओळी उमटत होत्या. वेळ पुढे सरकत होती, बाकी सगळं तसंच. पेडल शून्य, वेग शून्य, अंतर शून्य. एक सेकंद, दोन सेकंद, पाच. इतक्या रिकाम्या नोंदीचा अहवाल करत नाहीत. मी केला. कॅराच्या खान्यात तिची वेळ लिहिली, तुरगच्या खान्यात 'निघाली नाही' असं लिहिलं, आणि तळाशी सही केली: मुक्ता खराडे, पहिल्या फुटासह.